खुर्चीची हरकत नाही

शुक्रवार, चौदा नोव्हेंबर. सकाळी दाट धुकं, दहाच्या पुढे फिकट ऊन, वारा अजिबात नाही.

तारीख मला समोरच्या फळ्यावरून कळते आणि हवा खिडकीतून. बाकी मला जे ठाऊक आहे ते सगळं माणसांनी माझ्यासमोर बोलून ठेवलेलं आहे. खुर्चीसमोर कुणी आवाज खाली करत नाही. मी मीटिंगच्या खोलीतली निळी लाकडी खुर्ची बोलतेय. या ऑफिसात माझ्या नावाने इतकी माणसं इतकं बोलली आहेत, की या शुक्रवारबद्दल तरी मीच माझ्या तोंडाने सांगावं असं वाटलं. खुर्चीला तोंड नसतं हे मलाही कळतं. तेवढं सांभाळून घ्या.

आधी माझं थोडं.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. सुतार फार बोलका नव्हता, पण त्याची एक सवय होती. खुर्ची तयार झाली की आधी तो स्वतः बसायचा, मग बायकोला बसवायचा आणि मग समोरच्या जाड्या दुकानदाराला हाक मारायचा, "या हो, जरा टेका." तिघं उठले की तिघांच्या तोंडाकडे बघायचा. काय म्हणतात ते फारसं ऐकायचा नाही. उठताना कुणाचा हात कमरेवर गेला, कुणी जागच्या जागी सरकून बसलं, हे बघायचा आणि त्यावरून रंधा हातात घ्यायचा. माझ्या वेळी दुकानदार म्हणाला, "छान आहे की!" पण उठताना त्याने पाठ ताणली. सुताराने ते पाहिलं. "पाठ ताठ झालीये," तो म्हणाला. "असू दे. फोटोवाल्याला ताठच हवीये."

अशी मी एका फोटो स्टुडिओत गेले. तिथे माझ्यावर माणसं क्षणभर बसत, श्वास रोखून धरत आणि उठून जात. नोकरीच्या अर्जासाठी येणारी, परदेशी जाणारी, नुकताच नवरा गेलेली. त्या काळात मला एक गोष्ट पक्की कळली. तोंडाने माणूस काहीही सांगो, बसताना त्याला खोटं बसता येत नाही. ज्याचं मन थाऱ्यावर नाही त्याचं वजन माझ्या पुढच्या दोन पायांवर येतं.

पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बंद पडला. जुन्या सामानाच्या दुकानात मी बराच काळ उलटी टांगलेली होते. तिथून मला या सॉफ्टवेअर कंपनीने उचललं, निळा रंग दिला आणि काळ्या, चाकांच्या, गुबगुबीत खुर्च्यांच्या मध्ये ठेवलं. शोभेसाठी. ताठ पाठीमुळे माझ्यावर कुणी बसायचं नाही. मला वाटलं, संपलं आता आपलं.

मग कॅप्टन एका प्रशिक्षणाहून परत आले.

कॅप्टन म्हणजे या टीमचे प्रमुख. प्रत्येक कामाला ते जहाज म्हणतात, म्हणून हे नाव पडलं. माणूस मनाने वाईट नाही. त्या दिवशी उत्साहाने आत आले आणि म्हणाले, "आपण सॉफ्टवेअर कुणासाठी बनवतो? वापरणाऱ्यांसाठी. मग या खोलीत ते कुठे आहेत?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. कॅप्टननी मला ओढून टेबलाच्या टोकाशी आणलं. "ही खुर्ची त्यांची. ही कायम रिकामी राहील. काहीही ठरवताना हिच्याकडे बघायचं आणि विचारायचं, इथे बसणाऱ्याला हे हवंय का? आणि शेवटच्या मंजुरीला हिचं मत घ्यायचं. बाकी सगळं बहुमताने. पण खुर्ची नाही म्हणाली तर काम थांबणार." हे शेवटचं वाक्य छापून त्यांनी माझ्या पाठीवर चिकटवलंसुद्धा.

मला फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. सुरुवातीला लोक खरोखर माझ्याकडे बघायचे, मध्येच थांबायचे, "हे हिला कळेल का रे?" असं विचारायचे. पण माणसाला गप्प असणाऱ्याच्या तोंडी शब्द घालायची फार हौस. हळूहळू प्रश्न संपले आणि उत्तरं सुरू झाली. "खुर्चीला मोठं बटण हवंय." "खुर्चीला हे आवडणार नाही." दोघांचं भांडण लागलं की दोघंही माझाच हवाला द्यायचे. मधल्या काळात माझ्यावर पिशव्या आल्या, कोट आले, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केकही आला. माणूस तेवढा नाही आला. शेवटच्या मंजुरीच्या दिवशी कॅप्टन माझ्या पाठीवर हात ठेवायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "खुर्चीची हरकत नाही."

टाळ्या व्हायच्या.

आता ताईबद्दल सांगते. तिला सगळे ताई म्हणतात, कॅप्टनसुद्धा. ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचं त्यांच्याकडून काय हवं, काय नको हे विचारून घ्यायचं आणि बनवणाऱ्यांना नीट समजावून सांगायचं, हे तिचं काम. पन्नाशीला टेकलेली, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी बाई. तिच्या शेजारी बसतो तो खुसपट. बनवलेलं सॉफ्टवेअर तपासून त्यातल्या चुका काढणं हा त्याचा धंदाच आहे, त्यामुळे नाव आपोआप पडलं. आता त्याची बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारते म्हणे. आणि समोर बसतो तो 'होईल'. प्रोग्रॅम लिहिणारा. त्याला काहीही सांगा, एकच उत्तर.

त्या वर्षी काम आलं ते घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या एका एजन्सीचं. त्यांच्या सिस्टर रोज सकाळी म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जातात. कुणाला इंजेक्शन, कुणाची जखम धुणं, कुणाचा रक्तदाब बघणं. त्यांच्यासाठी मोबाइलवरचं ॲप करायचं होतं.

एजन्सीच्या मॅनेजरबाई पहिल्या मीटिंगला आल्या आणि त्यांनी तक्रार मांडली. घरचे लोक फोन करतात, सिस्टर आलीच नाही म्हणतात. सिस्टर म्हणते, मी गेले होते. खरं कुणाचं मानायचं?

कॅप्टननी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग सही घ्या. सिस्टरच्या मोबाइलवर रुग्णाची सही. खुर्ची हेच म्हणेल."

"आणि सही नाही मिळाली तर?" ताईने विचारलं.

"तर भेट झाली नाही असं धरायचं. वेळ संपली की ॲप जवळची दुसरी सिस्टर आपोआप पाठवेल. रुग्णाला वाट बघायला नको. काय रे, होईल का?"

"होईल."

ताईने पेन थांबवलं. "मी कुणाची मागणी म्हणून लिहू ही? बाईंनी तर नुसती अडचण सांगितली."

"अगं ताई," कॅप्टन हसले आणि त्यांनी मला थोपटलं, "ही काय बसलीये समोर!"

सगळे हसले. ताईही हसली. मग तिने लिहिलं.

ॲप तयार झालं आणि शहराच्या एका भागात चाचणीसाठी दिलं. आकडे इतके सुंदर आले की कॅप्टननी ते भिंतीवर लावले. जवळजवळ प्रत्येक भेटीवर सही, आणि तीही वेळेत. एक खुसपटच तेवढा कुरकुरला. "म्हातारी माणसं इतक्या झटपट सह्या करतात? माझी आई बँकेत सही करते तेव्हा मागची रांग चहा पिऊन येते."

"तुला आनंद म्हणून बघवत नाही," कॅप्टन म्हणाले. सोमवार, सतरा नोव्हेंबर. त्या दिवशी सगळ्या शहरात ॲप सुरू करायचं ठरलं. शेवटची मंजुरी आदल्या शुक्रवारी.

त्यानंतरच्या एका दुपारी खोलीत ताई आणि खुसपट दोघंच होते. ताई सांगत होती ते आधी गंमत म्हणूनच सांगत होती.

"काल बाबांकडे दोन सिस्टर आल्या."

ताईचे वडील चाचणीच्या भागातच राहतात, ताईबरोबर. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात थरथरायला लागला. साखरेचा आजार आधीपासून आहेच. रोज सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन.

"दोन कशाला?" खुसपटने विचारलं.

"पहिली आली, इंजेक्शन दिलं. सहीसाठी मोबाइल पुढे केला. आता बाबांचं तुला माहितीये, अक्षर म्हणजे जीव की प्राण. बोटाने सही करायची म्हणजे प्रत्येक वळण नीट हवं. बिघडली की पुसणार, परत करणार. सिस्टर म्हणते, बाबा आवरा, बाबा म्हणतात, घाईची सही चोर करतात. तेवढ्यात वेळ संपली. ती बिचारी पुढच्या घरी पळाली. थोड्या वेळाने दुसरी हजर. पहिलीला सही नाही म्हणून हिच्या मोबाइलवर, इंजेक्शन बाकी. बाबा मला म्हणतात कसे, आता माझा मान वाढलाय, दोन-दोन येतात."

खुसपट हसला नाही. "दुसरीने दिलं?"

"नाही. बाबा म्हणाले ना, आत्ताच एक टोचून गेली म्हणून."

"म्हणाले म्हणून."

ताई जेवणाचा डबा उघडत होती. तिच्या हातातलं झाकण टेबलावर राहिलं, डबा तसाच उघडा. ती म्हणाली, "काही काही सकाळी त्यांना काही आठवत नाही रे. मी त्यांच्यासमोर कप विसळत असते आणि ते विचारतात, चहा झाला का माझा?"

दोन डोस एकापाठोपाठ गेले तर साखर इतकी खाली उतरते की माणूस उठत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ताईने तेच वाक्य त्याच दुपारी कॅप्टनना ऐकवलं, म्हणून कळलं.

कॅप्टननी शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट वाटलं ऐकून. पण ताई, आकडे बघ. तुझे बाबा एक. खुर्ची म्हणजे सगळे."

"खुर्चीवर कुणी बसलेलंच नाहीये, सर."

"तेच तर! म्हणून ती सगळ्यांची आहे."

ताईने वही मिटली. मला तर हसावं की रडावं ते कळेना.

दुसऱ्या दिवसापासून ताई उशिरा येऊ लागली. सिस्टर येऊन जाईपर्यंत ती वडिलांजवळ बसून राहायची. इतकी वर्षं ती माणसांना मीटिंगला बोलावून विचारत आली होती, तुम्हाला काय हवंय. इंजेक्शन देणारी सिस्टर आपल्याच घरात कशी काम करते हे तिने आता पहिल्यांदा बसून बघितलं. आणि एके दिवशी येऊन तिने दार लावलं आणि खुसपटला हळूच सांगितलं. इतक्या हळू, जणू मला ऐकू जाऊ नये.

"कळलं मला आकडे सुंदर का आहेत ते. सिस्टर स्वतःच सह्या करतात."

"काय?"

"बाबा वळणं काढत बसले आणि तिच्या तोंडून निघून गेलं, द्या हो इकडे बाबा, सगळीकडे मीच करते. मग जीभ चावली तिने. कुणाचा हात चालत नाही, कुणी झोपलेलं असतं, कुणाला दिसत नाही. काय करेल ती? सही नाही तर भेट नाही, भेट नाही तर त्या दिवसाचा मोबदला नाही. एकीच्या जागी दुसरी पाठवली की दोघींचं वेळापत्रक कोसळतं. त्या सगळ्याजणी करतात, खुसपट."

"म्हणजे जिथे खोटी सही आहे तिथे आपलं ॲप बरोबर चालतं," खुसपट म्हणाला, "आणि तुझे बाबा खरी करतात म्हणून तिथे दुसरी सिस्टर येते."

"हो."

"सांग की मग हे कॅप्टनना!"

"आणि तिची नोकरी? मॅनेजरबाई खोट्या सहीला काय म्हणतील? मी शब्द दिलाय तिला, माझ्याकडून नाव जाणार नाही." ताईने चष्मा काढला. "आणि नाही सांगितलं तर सोमवारपासून सगळ्या शहरात. माझ्या बाबांपाशी मी बसेन. बाकीच्यांपाशी कोण बसणार?"

त्या आठवड्यात माझ्यावर एक ओला कोट पडून होता. तोही कुणी उचलला नाही.

तर आता हा शुक्रवार.

मॅनेजरबाई आल्या, आणि कॅप्टनच्या सांगण्यावरून एका सिस्टरला बरोबर घेऊन आल्या. चाचणीतल्यापैकी कुणीतरी हवी होती, दोन शब्द बोलायला, एक फोटो काढायला. बाईंनी आणली ती नेमकी ताईच्या घरी येणारी. ताईने तिला दारात पाहिलं आणि तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

सिस्टर चाळिशीची, उंच, मोठ्या आवाजाची. सकाळचे सगळे फेरे संपवून आली होती. खांद्यावरची जड पिशवी तिने खाली ठेवली, खोलीत नजर फिरवली. काळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. मी तेवढी रिकामी. ती "हुश्श" म्हणत माझ्याकडे आली आणि बसणार, तोच कॅप्टन ओरडले, "अहो सिस्टर, ती नको! ती नका घेऊ. ती वापरणाऱ्यांची खुर्ची आहे."

सिस्टर अर्धवट वाकलेली तशीच थांबली. "म्हणजे कुणाची?"

"म्हणजे जे हे ॲप वापरतात त्यांची. ती रिकामी ठेवायची असते."

"बरं," म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. कुणालाही काही वाटलं नाही. मी या खोलीत खूप ऐकलंय, पण त्या "बरं"ने माझे सांधे करकरले.

"कसं वाटतं ॲप?" कॅप्टननी विचारलं.

सिस्टरने आधी मॅनेजरबाईंकडे पाहिलं. "छान आहे. एकदम छान."

"काही अडचण?"

"नाही बाई. अडचण कसली!"

कॅप्टननी हात चोळले. "तर मग मंजुरी. माझं हो."

"हो," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"होईल... म्हणजे, हो," होईल म्हणाला.

"माझं नाही," ताई म्हणाली.

"आणि माझंही नाही," खुसपट म्हणाला.

"तुझं तर जन्मापासून नाही. तीनास दोन. आता खुर्ची." कॅप्टन उठले.

"एक मिनिट, सर." ताई उभी राहिली. "आज खुर्चीवर कुणीतरी बसू दे."

"ताई, ती रिकामी ठेवायची असा नियम आहे."

"नियम काय, तुम्हीच केलेला," खुसपट म्हणाला. "वापरणारा भिंतीला टेकून उभा आहे आणि त्याची खुर्ची रिकामी ठेवलीये. फोटोत हे बरं दिसणार नाही, बघा बुवा."

फोटोचं नाव काढल्यावर कॅप्टन जरा चपापले. "बसा, बसा सिस्टर. तसं काही नाही."

आणि सिस्टर बसली.

किती वर्षांनी! तिचं सगळं वजन पुढच्या दोन पायांवर होतं.

ताईने तिला काय हवंय, कसं वाटतं, असलं काही विचारलं नाही. "सिस्टर, मला फक्त एक भेट करून दाखवा. सकाळी करता तशी. हा खुसपट म्हणजे रुग्ण. उजवा हात चालत नाही त्याचा."

"आणि स्वभाव खडूस," खुसपट म्हणाला आणि हात मांडीखाली दाबून बसला.

सिस्टर हसली, सैल झाली. "असे तर रोजचेच." तिने मोबाइल काढला. "काय आजोबा, झोप लागली का? चला, बाही वर करा. हां, झालं. दुखलं नाही ना?" तिचे हात आपोआप चालत होते. इंजेक्शन दिल्याचं दाबलं. सहीचा चौकोन उघडला, वरची, उरलेली वेळ दाखवणारी हिरवी पट्टी आखडायला लागली. तिने मोबाइल खुसपटपुढे धरला, "सही करा आजोबा," म्हणाली, आणि तोंडातले शब्द संपायच्या आत मोबाइल स्वतःकडे वळवून आपल्याच बोटाने झर्रकन सही करून मोकळी झाली.

तिला कळलंच नाही. हात रोजच्या वाटेने गेला.

खोलीत सगळ्यांनी ते पाहिलं. ताईचा चेहरा पांढरा पडला. इतकं तिला नको होतं. वेळ कशी पुरत नाही एवढंच तिला दाखवायचं होतं.

"सिस्टर," मॅनेजरबाई म्हणाल्या, "हे काय?"

सिस्टरने आपल्या बोटाकडे पाहिलं. मग मोबाइल मांडीवर ठेवला. "बाई, मघाशी छान म्हणाले ते खोटं होतं."

"तुम्ही रुग्णांच्या सह्या करता?"

"करते. कुणाकुणाला हातच नाही उचलता येत. सही नाही झाली तर माझी भेट चुकली म्हणतंय हे. मी इंजेक्शन देऊन उभी आहे आणि हे म्हणतंय आलीच नाही." तिने ताईकडे बघितलं नाही. "एक आजोबा आहेत, ते नाही करू देत. स्वतःच करतात. चांगली करतात हो, चित्रासारखी. पण त्यांची सही होईपर्यंत पट्टी लाल."

"मग काय होतं लाल झाल्यावर?" खुसपटने विचारलं. "थांबा. आता मी ते आजोबा."

त्याने मांडीखालचा हात काढला, मोबाइल घेतला आणि थरथरत्या बोटाने एक अक्षर काढायला लागला. पुसलं. परत काढलं. सगळे पट्टीकडे बघत होते. ती पिवळी झाली, लाल झाली, गेली. पडद्यावर आलं, भेट चुकली.

आणि टेबलावर होईलचा फोन वाजला. चाचणीसाठी त्याने स्वतःला दुसरी सिस्टर म्हणून नोंदवून ठेवलं होतं. त्याने फोन उचलला, वाचला. मोठ्याने वाचायची गरज नव्हती, तरी त्याने वाचलं. "जवळची भेट. रुग्ण वाट बघत आहे. इंजेक्शन बाकी."

"देऊ?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं, कुणास ठाऊक.

कॅप्टननी रुमालाने कपाळ पुसलं. "ठीक आहे. मुद्दा कळला. पुढच्या आवृत्तीत नक्की घेऊ. पण सोमवार जाहीर झालाय, जहाज बंदरातून सुटलंय. तीनास दोन मंजुरी झालेली आहे. आता राहिली फक्त—"

आणि सवयीने त्यांचा हात माझ्या पाठीवर आला. तिथे माझी पाठ नव्हती, सिस्टरचा खांदा होता. चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे घेतला.

सिस्टरने मान वळवून वर पाहिलं. "मला विचारताय का?"

कॅप्टननी हात खिशात घातला. माझ्या पाठीवर, तिच्या मागे, ते वाक्य अजून चिकटलेलं होतं: खुर्ची नाही म्हणाली तर काम थांबणार.

"सिस्टर," मॅनेजरबाई सावकाश म्हणाल्या, "विचार करून बोला."

त्या वेळी तिचं वजन माझ्या पुढच्या पायांवरून मागे आलं. चारही पायांवर सारखं. पाठ माझ्या ताठ पाठीला लागली.

"नाही," ती म्हणाली.

मला एवढंच मागायचं आहे तुमच्याकडे. तुम्ही सॉफ्टवेअर करत असाल, घर बांधत असाल, नाहीतर कुणासाठी नुसता चहा करत असाल, माझ्यासारख्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ठरवू नका. मी रिकामी असले की सगळ्यालाच हो म्हणते. ज्याच्यासाठी करायचं त्याला आणा, बसवा, आणि आमच्या सुतारासारखं, तो काय बोलतो त्यापेक्षा उठताना त्याचा हात कुठे जातो ते बघा. आणि त्याने खरं दाखवलं तर त्याची किंमत त्याच्या एकट्याच्या माथी मारू नका. माझा रंग बसण्याच्या जागी आता उडालाय. उडू दे.

ॲप सोमवारी, सतरा नोव्हेंबरला, सुरू झालं नाही. ते जानेवारीत सुरू झालं. त्यात सहीची अट नाही, आणि दुसरी सिस्टर पाठवण्याआधी पहिलीला फोन जातो. दर बुधवारी ॲप वापरणारं कुणीतरी माझ्यावर बसतं. ताईच्या वडिलांकडे सकाळी एकच सिस्टर येते. ती नवीन आहे. आधीच्या सिस्टरला एजन्सीने त्याच शुक्रवारी संध्याकाळी कामावरून कमी केलं.